चौऱ्याऐंशी शेजारी

शेजाऱ्याला शेजारी न मानणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या भिंतीपलीकडे राहायचा. सर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांची-आमची भिंत एक, टाकी एक, गच्चीवरची वाळवणाची दोरीसुद्धा एक. पण सर म्हणायचे, "भिंत हा बांधकामाचा विषय आहे. शेजार हा अंतराचा. आकड्यांच्या नाहीतर अक्षरांच्या दोन रांगा एकाखाली एक मांडायच्या आणि किती जागी वेगळ्या आहेत ते मोजायचं. एकाच जागी वेगळ्या असतील तर त्या शेजारी." मग त्यांनी माझा मोबाइल नंबर स्वतःच्या नंबराखाली लिहिला, टिकमार्क केले आणि निकाल दिला, "तुम्ही माझ्यापासून नऊ घरं लांब आहात." चेहऱ्यावर खेद वगैरे काही नाही.

हे खूळ सगळ्यालाच लागू. आमच्याकडे सर्दीची साथ आली, तर हे दारात उभं राहून सांगणार, "विषाणू जनुकातलं एक अक्षर बदलून शेजारच्या घरी राहायला गेलाय, म्हणून तुमचं शरीर त्याला ओळखत नाही." मी नाक पुसत ऐकून घ्यायचो. एकदा त्यांनी स्वतःच्या दहा आकडी नंबराचे शेजारी मोजले. शेवटच्या नऊ जागी नऊ-नऊ पर्याय, झाले एक्याऐंशी. पहिला आकडा नऊ, त्याच्या जागी फक्त सहा, सात किंवा आठ चालतो, म्हणजे आणखी तीन. एकूण चौऱ्याऐंशी. मोजून गप्प बसतील तर सर कसले? चौऱ्याऐंशींनाही फोन केले. "नमस्कार, मी तुमचा शेजारी." निम्मे नंबर बंद, बाकीच्यांनी शिव्या घातल्या, एकाने यांनाच विमा विकायला काढला. टिकले दोघं. एक सुरगाण्याचा जीपवाला आणि एक घोटीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाई. बाईंना सरांचा रोज सकाळी आठला फोन. भेंडीचा भाव आणि सरांचं ब्लडप्रेशर, दोन्ही मला भिंतीतून पाठ झाले होते.

पुढे परदेशातल्या मुलीकडे जायचं म्हणून सरांनी पासपोर्टचा अर्ज केला आणि शेजाऱ्यांच्या रकान्यात हीच दोन नावं ठोकून दिली. चौकशीला आलेला हवालदार घाम पुसत माझ्या दारात. "साहेब, इतक्या लांब सुरगाण्याला शेजारी असतो का कधी?" सर कागद-पेन घेऊन बाहेर आले आणि त्याचाच नंबर विचारू लागले. प्रकरण मिटावं म्हणून मी माझ्या फोनवरून घोटीला फोन लावून दिला. बाईंनी हवालदाराला ठणकावलं, "हो, शेजारीण हाय मी त्यांची. मानूस लय चांगला हाय. तुमचं म्हननं काय हाय?" शेवटी हवालदाराने माझं नाव घातलं. खोटी माहिती दिल्याबद्दल सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर महिनाभराने, सकाळी नऊच्या सुमाराला, त्याच बाईंचा मला फोन आला. "दादा, आज सरांचा फोन नाय आला. मी केला तर उचलत नाय. जरा दार वाजवता का?" मला हसू आलं. हातातला चहा संपवला आणि मग गेलो. दार आतून बंद. चौघांनी मिळून कडी तोडली, तर सर न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं. ओरडायला आवाज फुटत नव्हता, म्हणून तास-दीड तास भिंतीवर तांब्या आपटत होते. तो आवाज मी ऐकला होता. सर खिळा ठोकत असतील, असं वाटलं मला.

सर वाचले. मुलगी येऊन त्यांना कायमचं घेऊन गेली. तिकडे नवा नंबर मिळाला, लांबलचक, भलत्याच आकड्यांचा. सरांच्या हिशेबाने घोटीच्या बाई आता त्यांच्या कोणीच लागत नाहीत. तरी त्यांना रोज फोन येतो. मला येत नाही, आणि आपण होऊन करायची मला लाज वाटते.

अधूनमधून बाईच मला फोन करतात. "दादा, सर काठी सोडून चालाया लागले. तुम्हाला नाय बोलले?" मी म्हणतो, "बोलतील." अकरा वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि त्यांची खुशाली मला घोटीहून कळते.