साडीच्या वेबसाइटवर आठ जणांचं टेबल

आमच्या घरी एका शनिवारी आठ अनोळखी माणसं जेवायला आली, ती केवळ माझ्या नियमबद्ध कामकाजामुळे.

मी सरकारी खात्यात खरेदी विभागात आहे. माझ्या सहीशिवाय ऑफिसात डस्टरसुद्धा येत नाही. (आलेलं डस्टर पुसत नाही ही गोष्ट वेगळी, पण तो माझा विभाग नव्हे!)

माझी बायको सुषमा उमरेडच्या विणकर घरातली. तिचा धाकटा भाऊ गजानन अजून हातमागावर करवतकाठी साड्या विणतो. त्या काठाचे करवतीसारखे दाते असे नेटके येतात की हात लावायला भीती वाटावी. पण गिऱ्हाईक नाही. शेवटी त्यानं जाहीर केलं, "ताई, दिवाळीपर्यंत पाहतो. नाही जमलं त माग विकून बुटीबोरीले कंपनीत लागतो." सुषमानं धडपड करून पुण्याच्या एका दुकानदारीणबाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, "आधी वेबसाइट पाठवा. ती बघून रविवारी काय ते कळवते."

खरं तर वेबसाइट हा आमच्या घरी प्रश्नच नव्हता. आमची मुलगी मृणाल पुण्यात वेबसाइटच बनवते, त्याचाच पगार घेते.

"बाबा, मी सांगते ते टूल घ्या," ती फोनवर म्हणाली. "किंवा राहू द्या, मीच करून देते. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"तू नातेवाईक. नातेवाइकाला काम दिलं की ऑडिटचा आक्षेप येतो."

"बाबा, ते घर आहे!"

"म्हणून काय झालं? किमान तीन दर मागवल्याशिवाय मी काही घेत नाही."

आणि मी खरोखर तीन ठिकाणांहून माहिती काढली. पहिलं टूल मृणालच्या पसंतीचं. त्यात सगळं मनासारखं करता येतं, पण कोड लिहावा लागतो. दुसऱ्यात चित्रं नुसती सरकवून जागेवर बसवायची, पण महिन्याला पैसे. तिसरं फुकट! मी तुलनात्मक तक्ता तयार केला आणि जेवणाच्या टेबलावर समितीची बैठक बोलावली. अध्यक्ष मी, सदस्य सुषमा, विशेष निमंत्रित गजानन.

"भाऊजी, मले त काहीच समजून नाही राहिलं," विशेष निमंत्रित म्हणाला. "साडी दिसन ना त्यात?"

"पोरगी म्हणते ते घ्या ना सरळ," सदस्य कडाडल्या. "काहून डोकं खाऊन राहिले सगळ्यांचं?"

"सर्वात कमी दर तिसऱ्याचा आहे," अध्यक्ष म्हणाले आणि बैठक संपली.

फुकट टूलमध्ये तयार नमुने शंभर होते, त्यातला फुकट एकच. तो हॉटेलचा होता.

"त्यानं काय होते?" मी स्वतःलाच समजावलं. वड्याचा फोटो काढायचा, साडीचा टाकायचा. तसं झालंही. फक्त सगळ्यात वर रश्श्याची एक वाफाळती वाटी होती, ती पैसे भरल्याशिवाय हलेना. शिवाय प्रत्येक फोटोखाली 'तिखट किती' हा रकाना होता, आणि तो रिकामा सोडला तर पानच पुढे सरकेना! पर्याय तीन : फिकं, मध्यम, झणझणीत. मी प्रामाणिकपणे मोतिया साडीला फिकं, हिरवीला मध्यम आणि लाल भडक साडीला झणझणीत दिलं. त्याखाली आपोआप आलं, 'दोघांसाठी पुरेसे'.

"अहो, साडीले तिखट काय लिहून राहिले?" सुषमा डोक्यावर हात मारून म्हणाली.

"लोक समजून घेतात."

त्याखाली 'टेबल बुक करा' असं एक बटण होतं. तेही निघत नव्हतं. साड्यांच्या वेबसाइटवर ते कोण दाबणार, म्हणून मी सोडून दिलं. नाव ठेवलं 'धोटा', मागावर इकडून तिकडे धावतो तो. घराचा पत्ता टाकला, नकाशा टाकला आणि दुवा पुण्याला रवाना केला.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ, आणि मागे जिन्यापर्यंत माणसं.

"नमस्कार जी. 'धोटा' हेच ना? आमचं आठ जणांचं बुकिंग आहे."

"हे हॉटेल नाही हो."

"असं कसं? फोटोत वाटी होती ना!"

"ती वाटी काढायला पैसे लागत होते," मी म्हणालो. (माणूस घाबरला की खरं बोलतो.)

मग मीच विचारलं, "अन् साड्या पाहून तुम्हाला शंका नाही आली?"

"आम्हाले वाटलं, सजावट असन. आजकालच्या हॉटेलांचं काही सांगता येते का!" तो गृहस्थ हळू आवाजात म्हणाला, "आमच्या शोभाताईंचा आज कंपनीतला शेवटचा दिवस आहे जी. बुटीबोरीवरून आलो. तुमच्याकडून कन्फर्मचा मेलही आला."

मेल मलाही आला असणार. ज्या खात्यात आला, त्याचा पासवर्ड मी विसरून बरेच दिवस झाले होते.

मागून सुषमा आली. तिनं शोभाताईंच्या हातातला गुच्छ पाहिला आणि दार पूर्ण उघडलं. "या वं ताई, आत या. निरोपाच्या दिवशी कोणी उपाशी जाते का?" मग माझ्याकडे वळली. "तुम्ही पाणी द्या. गजानन, बेसन शिजवायले टाक, पाटोडीचा रस्सा करू."

साड्यांचे फोटो काढायला उमरेडहून आलेला आणि बाईंच्या उत्तरासाठी थांबलेला गजानन स्वयंपाकघरात पळाला. मी वाढायला लागलो. "भाऊ, रस्सा इकडे!" "भाऊ, कांदा!" एकाला पोळी देईपर्यंत दुसऱ्याचं ताट रिकामं. तेवढ्यात बायांची जेवणं आटोपली, हात धुतले गेले आणि दिवाणावरचा साड्यांचा गठ्ठा त्यांच्या नजरेस पडला.

"अगं, ती झणझणीत कोणती वं यातली?"

"हे पाहा, लाल! खरंच झणझणीत आहे!"

आणि नेमका त्याच वेळी पुण्याचा फोन आला. रविवारचा वायदा होता, पण बाईंना दम निघाला नाही. तोही व्हिडिओ कॉल! मी एका हातात रश्श्याचं पातेलं सांभाळत दुसऱ्या हातानं फोन उचलला.

"अहो, तुमच्या वेबसाइटवरून मला काहीही कळलं नाही," बाई म्हणाल्या. "नाही म्हणून सांगायलाच फोन केला होता."

माझं पातेलं कलंडायला आलं. स्वयंपाकघराच्या दारात गजानन बेसनाचे हात पाठीमागे धरून उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

"थांबा, थांबा," फोनमधून आवाज आला. "तुमच्या मागे त्या बाईंनी खांद्यावर घेतली आहे, ती लाल कुठली? काठ दाखवा बरं. आणि एवढी गर्दी असते तुमच्याकडे?"

सुषमानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आज जरा जास्त आहे," ती शांतपणे म्हणाली आणि शोभाताईंच्या खांद्यावरचा काठ बाईंना जवळून दाखवू लागली.

शोभाताईंना त्यांच्या माणसांनी ती लाल साडी तिथंच भेट दिली. बाईंनी तशाच आणखी मागितल्या, हिरव्याही मागितल्या, आणि दर महिन्याला पाठवाल का, असं विचारलं.

गजानन भिंतीला टेकून खाली बसला. "ताई, मी आता बुटीबोरीले नाही जात."

"नका जाऊ जी," कडक इस्त्रीवाला म्हणाला, "आम्ही आताच तिथून आलो."

दुसऱ्या दिवशी मृणालनं तिच्या टूलवर अर्ध्या दिवसात नवी वेबसाइट उभी केली. ऑडिटचा आक्षेप मी गुपचूप मागे घेतला. जुनी बंद करण्याआधी तिला त्यावर एक अभिप्राय दिसला. तो तिनं फोनवर मोठ्यानं वाचून दाखवला :

'पाटोडीचा रस्सा एक नंबर. ताई खूप प्रेमळ. साड्याही मिळतात. फक्त वाढपी वयस्क आहे, उगाच घाबरते, अन् तीनदा मागितल्याशिवाय पोळी देत नाही.'

त्याखाली सुषमानं सकाळीच उत्तर लिहून ठेवलं होतं : 'लग्न झालं तेव्हापासून शिकवून राहिली जी. थोडा वेळ द्या.'