नॉयला पाव किलो, कॅनला एक किलो

अनुसूयाअक्कांकडे जर्मन रॉक ऐकायला गेलं की आधी भिजवलेल्या अवरेकाईची परात पुढ्यात येते. अवरेकाई म्हणजे आपले पावटे. चिमटीत दाबलं की साल हातात राहते आणि दाणा टुणकन उडतो. बेंगळुरात, राजाजीनगरला, त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्याच रविवारी खालचा आवाज ऐकून मला वाटलं, मिक्सर बिघडलाय. मी पुण्याची, त्यामुळे सांगायला गेलेच. तासाभरानं पावटे सोलून, वेड्यासारखी हसत वर आले.

अक्का आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. टेलिफोनच्या कारखान्यात त्या दिवसभर डायल टोन तपासायच्या, त्यामुळे एकच सूर तासभर ऐकायचा त्यांना कधी कंटाळा नव्हता. १९८० साली यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर जाताना कॅसेटींचं खोकं ठेवून गेला. घरच्यांनी दोन मिनिटांत कानांवर हात ठेवले. मग चाळीस वर्षं अक्कांनी हेडफोन लावून एकटीनंच ऐकलं. निवृत्तीनंतर एका जानेवारीत पावटे सोलताना त्यांनी टेप मोठ्यानं लावला आणि मदतीला आलेल्या भाच्या उठल्याच नाहीत. हात गुंतले की कान मोकळे होतात, हा शोध त्यांना तिथे लागला.

"सत्तर सालची ही जर्मन पोरं," अक्का सांगतात. "बापाचं गाणं नको, अमेरिकेचं उष्टंही नको. मग आपलं आपण केलं की."

कोणता बँड किती पचायला जड, हे अक्का पावट्यांत मोजतात. नॉय या बँडचा ड्रम नाकासमोर चालतो, वळत नाही, थांबत नाही. नवशिक्याला तोच बरा, पाव किलो पावटे पुरतात. कॅन बँडवाले तासन्‌तास वाजवायचे आणि मग टेप कापून जोडायचे. त्यांना एक किलो लागतात. बर्लिनचं टँजरिन ड्रीम म्हणजे ड्रमसुद्धा नाही, नुसते यंत्रांचे लांबच लांब सूर. त्याला दोन किलो, आणि तिथवर अजून कुणी टिकलेलं नव्हतं. नियम एकच. "समेची वाट बघू नको. ती येणार नाही."

गेल्या रविवारी आमच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी, शेजारचे रघुपती, तक्रारीचा कागद घेऊन आले. त्यावर आठ सह्या होत्या. गाणं बंद करा, नाहीतर हेडफोन लावा.

अक्कांचा चेहरा उतरला. "हेडफोन लावून चाळीस वर्षं ऐकलं, अण्णा," त्या म्हणाल्या. "आता कुठं सोबत मिळाली." मला रघुपतींचा भयंकर राग आला. पण अक्का पुढं म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, बंद करते. कॅसेटची एवढी बाजू संपू द्या. बसा की स्वल्प." आणि परात त्यांच्याकडे सरकवली.

समोर पावटे असताना हात बांधून बसणारा माणूस बेंगळुरात जन्माला यायचाय. रघुपतींनी नाखुशीनं एक दाणा दाबला. मग दुसरा. कॅनचा ड्रम चालला होता. पाचव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावरची आठी गेली. दहाव्याला दाणे ड्रमच्या ठोक्यावर उडू लागले, एक माझ्या चष्म्यावर आपटला, आणि रघुपती चक्क खिदळले. साली ठेवायला जागा उरली नाही तेव्हा त्यांनी खिशात ठेवलेला तक्रारीचा कागद काढला, मांडीवर पसरला आणि साली त्यावर टाकायला लागले.

बाजू संपली, टेप खट्‌कन थांबला. परात रिकामी होती. रघुपतींनी खाली पाहिलं. ओल्या सालींखाली आठही सह्या निळ्या पाण्यात वाहून गेल्या होत्या. ते उठले आणि चपला घालून निघून गेले.

अक्का परात उचलू लागल्या. त्यांचे डोळे भरले होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. रघुपती पातेलं छातीशी धरून धापा टाकत उभे होते.

"घरात भिजवलेले होते," ते म्हणाले. "दोन किलो आहेत."

अक्कांनी खोक्याच्या तळातून बर्लिनची कॅसेट काढली.