मेमरीच्या आकड्यासमोर

यंत्रं थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तेलकट, आंबूस वास आला की नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यातली दुपार आठवते. सरकत्या पट्ट्यावरच्या प्रत्येक वॉशरचा फोटो तपासणारा आमचा पायथन प्रोग्रॅम इतका हळू होता, की दिवसाचे ट्रे उशिरा भरायचे आणि पट्ट्यावर काम करणाऱ्या बायकांची आंबी गावाची बस चुकायची. म्हणून त्यातलं जड काम मी सी या वेगवान भाषेत लिहून, कंपाइल करून पायथनला जोडलं. वेग आला, पण त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरची मेमरी फुगत जाऊन सगळंच बंद पडलं. तपासून झालेला फोटो पायथन मेमरीतून आपोआप सोडून देतो, सीमध्ये ते सांगावं लागतं, आणि एका ठिकाणी ते राहिलं होतं. दुरुस्ती करून दुपारी पट्टा पुन्हा सुरू केला, आणि मी मेमरीच्या आकड्यासमोर उभी राहिले. “बसा की मॅडम,” पट्ट्यावरच्या मावशी म्हणाल्या, “तुमी उभं राह्यल्यानं ते जोरात पळतंय व्हय?” मी हसून पुन्हा आकड्याकडे वळले. आकडा वर जायचा, खाली यायचा, पण सकाळसारखा चढत राहत नव्हता. शेवटचा ट्रे भरला तेव्हा बस फाटकातच होती. “आज खिडकी मिळंल!” म्हणत मावशी पळाल्या. पट्टा रिकामा झाला, तरी मी आकडा बघत उभीच होते. अजूनही नवा कोड पहिल्यांदा चालवताना मला खुर्चीत बसवत नाही.