उंच गाडी आणि साडीगार्ड

बायकोचा उजवा खुबा बदलला. वॉकर सोडून ती पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत गेली, खाली पार्किंगकडे बघितलं आणि म्हणाली, "आपण स्पितीला जाऊ. बसने नाही, गाडीवरून." त्याआधीची काही वर्षं तिने घरातल्या घरात भिंत धरून काढली होती, त्यामुळे ती काश्मीर म्हणाली असती काय, चंद्र म्हणाली असती काय, मी हो म्हटलंच असतं. डॉक्टर म्हणाले, "वर्षभराने मागे बसायला हरकत नाही. फक्त पाय फेकून चढायचं नाही." आम्ही दोघांनी पहिलं वाक्य तेवढं नीट ऐकलं.

मला काय, निमित्तच हवं होतं. ठाण्यातला एक तरुण परदेशात जायला निघाला होता. त्याची डांबरी रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर, दोन्हीकडे चालणारी उंच मोटरसायकल मी घेतली आणि डोंबिवलीला आणली. माझ्या वयाचा माणूस तसल्या गाडीजवळ उभा राहिला की लोक विचारतात, "मुलाची का?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिच्याभोवती एक चक्कर मारून विचारलं, ही नक्की कुठल्या खणात लावणार. मी त्यांना म्हटलं, तुमच्या डोक्यावर नाही लावत, काळजी करू नका.

मग मी सुटलोच. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. पुढे उंच काच लावली, इंजिनाला खालून जाड पत्रा, हँडलला हातांच्या ढाली. सीटचा फोम बदलला, तोही तिच्या बाजूचा जास्त जाड. जुनी गाडी असल्याने चेन, ब्रेक, बेअरिंगं सगळं नवीन घातलं. कल्याणला पत्रीपुलाजवळ एक फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडून मागे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि वर तिसरी पेटी बसवून घेतली. लांब पल्ल्याच्या रायडर मुलांचा एक ग्रुप फोनवर होता. तिथे मी एकटाच काका. मुलांनी अगदी सुरुवातीलाच बजावलं होतं, "काका, डाव्या बाजूची ती साडीगार्डची जाळी आधी काढा. ॲडव्हेंचर गाडीला ती शोभते का?" मला पटलं. पेट्यांनाही ती आडच येत होती. जाळी भंगारवाल्याने नेली आणि गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली.

बायको अधूनमधून खाली यायची, सीट अंगठ्याने दाबून बघायची आणि म्हणायची, "छान झालंय हो." शिकवणीला येणाऱ्या मुलांना तिने सुट्टीच्या तारखाही सांगून टाकल्या होत्या. लोकरीचे मोजे आणले होते. हिमाचलच्या रस्त्यांचे व्हिडिओ बघत ती पोळ्या लाटायची, आणि पोळ्या करपायच्या.

एका रविवारी सगळ्या पेट्या भरून मी तिला खाली बोलावलं. तंबू, स्टोव्ह, रजया, सगळं खरं सामान, म्हणजे वजनाचा अंदाज येईल. ती पँट, जाकीट, हेल्मेट अशी आली. मी पुढे बसून गाडी तोलून धरली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, डावा पाय फूटरेस्टवर ठेवला आणि उजवा उचलायला गेली. मागे वरची पेटी, पुढे मी, आणि सीट ही एवढी उंच. फेकल्याशिवाय तो पाय पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. तिने परत प्रयत्न केला. मग खाली उतरून हेल्मेट काढलं.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "मी फोटो बघेन."

नापास झालेल्या मुलाला ती ज्या आवाजात "होतं असं कधीकधी" म्हणते, तोच आवाज. तो ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघणाऱ्या काकूंवरच उखडलो. म्हटलं, "काकू, तुमचा कुकर केव्हाचा बोंबलतोय." त्या बिचाऱ्या आत गेल्या.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी चहा केला. ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आधी मला चढता यायचं."

"कधी?"

"तुम्ही ऑफिसला गेलात की मी दुपारी खाली जायचे. गाडी स्टँडवर असायची. त्या जाळीला खाली पाय ठेवायची पट्टी होती ना, तिच्यावर चढायचं, साडीत बसतात तसं एका बाजूने बसायचं आणि मग हळूच वळून पाय पलीकडे घ्यायचा. पुढे कोणी बसलेलं नसलं की जमतं."

"अगं, मग जाळी काढली तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही केवढे खुशीत होतात. म्हटलं, शिकेन दुसरं काहीतरी."

मला रडू आलं, लपवलं नाही.

साडीगार्ड शोधणं म्हणजे एक करमणूकच झाली. दुकानातला पोरगेला विक्रेता म्हणाला, "काका, इकडे लोक ते काढायला येतात." त्या गाडीची जाळी कुठे मिळेना. शेवटी पुन्हा पत्रीपूल. मीच हौसेने करून घेतलेल्या पेट्या मीच काढायला सांगितल्यावर फॅब्रिकेटरने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. डावी पेटी काढली तर उजवी एकटी ठेवता येईना, म्हणून दोन्ही काढल्या. तंबू गेला, स्टोव्ह गेला. म्हटलं, राहू लॉजवर, खाऊ ढाब्यावर. त्याने जाड पाइपाची जाळी वळवली आणि खाली माझ्या तळहाताएवढी रुंद पायरी जोडली. गाडी आता दुधाच्या किटल्या लावायची असते तशी दिसत होती. ग्रुपवर फोटो टाकला, त्यावर कोणी अंगठासुद्धा दिला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो, निदान मुरबाडपर्यंत तरी. गाडी स्टँडवर. मी पलीकडून हँडल घट्ट धरून उभा. ती पायरीवर चढली, एका बाजूने बसली, वळली, आणि रिकाम्या पुढच्या सीटवरून उजवा पाय सावकाश पलीकडे गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, गाडीवर नेहमी आधी मी आणि मग ती. आता ती वर बसलेली आणि मी खाली. मला टाकीवरून तंगडी घालून चढावं लागलं. तेव्हा कमरेत जी कळ आली ती मी चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

कल्याण मागे पडेपर्यंत मी प्रत्येक सिग्नलला विचारत होतो. दुखतंय का? थांबू का? पाय मोकळा करायचाय का? शहाडच्या पुलावर तिने माझ्या पाठीवर चापट मारली.

"सारखं विचारू नका हो. वर्षभर सगळे मला तेवढंच विचारतायत. आज मला गाडीवर बसू द्या."

पूल उतरला, मुरबाडचा रस्ता लागला, मी गाडी जरा मोकळी सोडली. तिचे हात माझ्या जाकिटावर होते, खुशाल, न आवळता. पुढे खड्डा मला उशिरा दिसला आणि गाडी आपटली. मी दात आवळले, मान वळवली नाही, एक शब्द विचारला नाही.

ती पुढे वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "तुमची कंबर ठीक आहे ना?"