टिटवाळा ते कोपरी, पण पुलापर्यंतच

रविवारी पहाटे पाच वाजता मी टिटवाळ्याहून कोपरीला निघाले, पळत. टिटवाळा माझं सासर, ठाणे पूर्वेतलं कोपरी माहेर. मधे तीस-पस्तीस किलोमीटर. ऑफिससाठी ते मी रोज कापतेच, पण एकदा ते आपल्या पायांनी कापायचं, हे खूळ लग्न झाल्यापासूनचं. प्रज्ञा झाली तेव्हा ते राहिलं. पाच वर्षांनी सम्यक झाला, पुन्हा राहिलं. आता प्रज्ञा सहा-सात वर्षांची, सम्यक दीड, आणि मी गेले काही महिने दर रविवारी थोडं थोडं अंतर वाढवत होते. कोपरीला आई विहारातली वंदना आटोपून पोहे करून वाट बघणार होती.

या तयारीचं सगळं श्रेय माझ्या एका जुन्या गाऊनला. सम्यक माझ्या कुशीत झोपतो आणि मी उठले की दहा मिनिटांत जागा होतो. आईने उपाय सांगितला होता, अंगावरचा कपडा त्याच्याजवळ ठेवून जात जा. रात्रभर घातलेला गाऊन उशाशी ठेवून निघायला लागले आणि पोरगं सातपर्यंत गाढ. अमोल, माझा नवरा, सेकंड शिफ्ट करून येतो, सातआधी त्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी उठणार नाही. प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून झोपलेली असते. ऑफिसात मी कौतुकाने सांगायचे, आमच्याकडे गाऊन मुलं सांभाळतो.

बल्याणीच्या रस्त्याला थंडी होती. अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या मागे टेकडी हळूहळू दिसायला लागली. चिखल वाळून रस्त्यावर ट्रकच्या चाकांच्या रेघा उठल्या होत्या, त्यात पाय मुरगळता मुरगळता वाचला. पळताना मी कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते, कुणाच्या ईमेलला उत्तर देणं लागत नाही. हे लिहायला लाज वाटते, पण त्या तासाभरासाठी मी आठवडाभर जगते.

आंबिवलीला बुटाची नाडी बांधायला थांबले. रस्त्याकडेला एक आगरी आजी वालाच्या शेंगांचे वाटे लावत होती.

"कवरां (केवढं) पलतंस गो? पोरा हायेत का घरान?"

"दोन आहेत, आजी. झोपलीयत." गाऊनची युक्ती मी तिलाही सांगितली.

ती हसली. "आमी पन शेतावर जावाचो तवा लुगरा (लुगडं) ठेवाचो पोराच्या उशाशी." मग शेंगा सारख्या करत म्हणाली, "पन लुगऱ्यान काय व्हते? थोरली व्हती ना माजी घरान."

मला पुढचं अंतर खुणावत होतं. येते म्हणाले आणि निघाले.

उल्हास नदीच्या पुलावर पोहोचले तेव्हा पाण्यावर धुकं होतं. दोन माणसं गळ टाकून बसलेली. माझा श्वास इतका छान लागला होता की आज कोपरी गाठणारच, असं वाटलं. तेवढ्यात अमोलचा फोन आला.

"कुठे आहेस? सम्यक अर्धा तास रडतोय. रडून रडून उलटी झाली त्याला. माझ्याकडे राहतच नाहीये."

"अरे, गाऊन ठेवलाय ना त्याच्याजवळ."

"गाऊन पलंगाखाली पडलाय. तू ये गं."

मी फोन ठेवला. मुलाची काळजी वाटायला हवी होती, ती वाटलीच, पण आधी राग आला. मग आईला फोन केला, पोहे करू नकोस म्हणाले. "बरं. मुलांना बघ," एवढंच ती बोलली. परतीच्या रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "मॅडम, तुम्हाला मघाशी बल्याणीला पळताना बघितलेलं मी. दमल्या वाटतं." मी हो म्हटलं.

घरात शिरले तशी सम्यकने गळ्याला मिठी मारली. हुंदके देत देत तो पाच मिनिटांत झोपला. प्रज्ञा दाराशी उभी होती, माझ्याकडे अपराध्यासारखी बघत.

"सॉरी आई. आज मला खरी झोप लागलेली."

"खरी म्हणजे?"

"मी नेहमी खोटीखोटी झोपते ना. तू गेलीस की तो गाऊन लाथेने पाडतो. मग मी परत त्याच्या तोंडाजवळ धरते, थोपटते. तू येईपर्यंत. दारात किल्ली वाजली की परत डोळे मिटते."

एवढे सगळे रविवार. "मला सांगायचं ना गं."

"मग तू गेली नसतीस," ती म्हणाली. "पळून आलीस की तू हसतेस."

घामाने ओला टी-शर्ट अंगावर गार पडला होता. आंबिवलीच्या आजीची थोरली तेव्हा केवढी असेल, हे मी विचारलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी पाचला मला सवयीने जाग आली. बूट दाराजवळ तसेच होते, बल्याणीच्या मातीचे. प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळे घट्ट मिटून. इतके घट्ट डोळे झोपलेल्या माणसाचे नसतात, हे मला आधीही दिसू शकलं असतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी कुठे जात नाहीये. झोप."

तिला खरी झोप लागायला बराच वेळ लागला.