आखणीच्या वेळी बंद पडणारा कॅमेरा

पेणच्या त्या अर्जाची आठवण झाली की आजही मला आधी हसू येतं आणि मग लाज वाटते. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो, निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

गणपतीच्या एका कारखान्याचे शेठ तावातावाने ठाण्यात आले. माणूस मनाचा गोड, पण डोकं गरम. त्यांनी वायफायवर चालणारे कॅमेरे आणि दाराचा अलार्म बसवला होता. आठवडाभर रोज सकाळी तासभर सगळं बंद पडत होतं. त्यातच त्यांचा नवा नमुना, अजून बाजारात न गेलेला, दुसऱ्या कारखान्यात हुबेहूब दिसला. वायफायचा डबा पडवीत, आणि त्या वेळी पडवीत एकट्या बसायच्या त्या मूर्तींचे डोळे आखणाऱ्या बाई. बावीस वर्षं शेठकडेच. शेठनी अर्जात संशयित म्हणून त्यांचंच नाव घातलं. आदल्या दिवशी शेठनी त्यांना निरोप धाडला होता, कामावर येऊ नका.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. डायरीत नोंद केली, रोहा ठाण्याला कळवलं आणि महिला हवालदारांना घेऊन रोह्याजवळच्या वरसे गावात बाईंच्या घरी गेलो. जीप मुद्दाम लांब उभी केली, तरी शेजारच्या दोन खिडक्या उघडल्याच. मी उलटसुलट विचारलं. बाई शांतपणे उत्तरं देत होत्या, पण नजर सारखी त्या उघड्या खिडक्यांकडे जात होती. मला बघवेना.

सकाळीच पडवीत का बसता, असं विचारलं तर म्हणाल्या, आखणीला सकाळचाच उजेड लागतो, दिव्याखाली डोळा तिरपा येतो. तिथे आणखी कोण येतं?

"कोन नाय. तो भुंगा तेवढा वर फिरतो. तो आला की मी कुंचला खाली ठेवते."

"कसला भुंगा?"

"शेठचाच. जाहिरातीचा."

शेठनी रोह्याचा एक फोटोग्राफर ड्रोन घेऊन बोलावला होता. त्यालाही तोच उजेड हवा! पडवीच्या स्लॅबवर, बरोबर वायफायच्या डब्याच्या डोक्यावर उभा राहून तो ड्रोन उडवायचा.

दुसऱ्या सकाळी पंचांसमोर उडवायला लावला. ड्रोन वर, कॅमेरे बंद. ड्रोन खाली, कॅमेरे चालू. तीन वेळा तेच. सायबरच्या हवालदारांनी समजावलं, ड्रोनचा रिमोट आणि वायफाय दोघं एकाच लहरींवर बोलतात, मोठ्या आवाजाचा जवळ आला की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. मग फोटोग्राफरचा मोबाईल पाहिला. जाहिरातीच्या व्हिडिओत तो नवा नमुना अंगणात वाळताना स्वच्छ दिसत होता. तो व्हिडिओ शेठनी स्वतःच अर्ध्या पेणला पाठवला होता.

मी त्यांना गाडीत घातलं आणि वरसेला नेलं. त्यांनी हात जोडले. मीही माफी मागितली. बाईंनी आधी चहा ठेवला.

"तुम्ही इचारलंत साहेब, ते तुमचं कामच हाय," त्या मला म्हणाल्या. "शेठनी इचारलंच नाय."

शेठ लहान मुलासारखे रडले. बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, उद्या येते.

त्यानंतर उरलेल्या वर्षात आपल्याच कामाच्या माणसावर संशय घेऊन कुणी आलं, की अर्ज हातात घेण्याआधी मी एवढंच विचारायचो, त्या माणसाला तुम्ही स्वतः विचारलंत का? बहुतेकांची मान खाली जायची. मी त्यांना चहा पाजून घरी पाठवायचो. त्यातले फार थोडे परत आले.