आधी तिच्या हातात

सुरुची माझी सख्खी धाकटी बहीण, आणि अख्ख्या भोपाळात तिच्या तोडीचा फोटोग्राफर झाला नाही. गॅसपीडित बायकांचा मोर्चा असो की दारूच्या दुकानापुढचं धरणं, ही सगळ्यांच्या पुढे उलटी चालत जायची, कॅमेरा डोळ्याला. पहिला कॅमेरा तिच्या दादाने, म्हणजे मीच, घेऊन दिलेला, हे अयोध्या नगरात कुणालाही विचारा.

तिचा एक नेम होता. जिचा फोटो, तिच्या हातात आधी प्रिंट द्यायची, मगच जगाला दाखवायची. बस्तीतल्या बायकांकडे दुसरा फोटो नसायचाच. बाई गेली की हार सुरुचीच्याच फोटोला चढायचा. मूठ वर, तोंड उघडं, नारा देताना.

यंदा तिच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी हात टेकले. तिच्या जिवाला मात्र घोर एकच. मोर्चातल्या रामकलीची प्रिंट द्यायची राहिली होती. तिची झोपडबस्ती उठवली तेव्हापासून बाईचा पत्ता नव्हता. शेवटी शहराबाहेर मिसरोदला आहे असं कळलं.

"दादा, आज नेतोस? उद्याचं माझं काही खरं नाही."

"नेतो की. आपली स्कूटर म्हणजे विमान!"

"हो, ढकलून उडणारं."

दार रामकलीच्या मुलीने उघडलं. "अम्मा तो दिवाली पे चली गईं, मौसी."

भिंतीवर हार घातलेला, आधार कार्डावरून मोठा केलेला धुरकट चेहरा होता. कुणाचाही म्हणून खपला असता. सुरुचीने प्रिंट मुलीच्या हातात दिली. "उशीर केला गं मी," एवढंच म्हणत राहिली. मुलीने प्रिंट छातीशी धरली, रडली. मग डोळे पुसून मोबाईल काढला.

"अब आपकी बारी."

सुरुचीने तोंडावर हात धरला. जन्मभर तिने स्वतःचा फोटो काढू दिला नव्हता.

"अम्मा का देर से लाईं ना? इतना तो करो. नारा लगाओ!"

सुरुचीला हसू फुटलं. सुयांनी सुजलेला हात तिने वर केला, तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. मुलीने तेवढ्यात टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी प्रिंट घेऊन दारात उभी राहिली, सुरुचीच्या हातात द्यायला. सुरुचीला पहाटेच जमिनीवर घेतलं होतं. शेजारचे रमेशकाका हळूच म्हणाले, "तोंड मिटलेला, जरा बरा फोटो नाही का?"

सुरुचीची गार बोटं उघडून मी प्रिंट आधी तिच्या हातात ठेवली. हार मग मागवला.